हिवरा आश्रमाची पंगत आणि ख्रिस्ती घराची कसोटी

पौष वद्य सप्तमी जवळ आली, की बुलडाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रमाकडे जाणारे रस्ते माणसांनी फुलून जातात. शुकदास महाराजांनी उभारलेल्या विवेकानंद आश्रमाचा जयंती महोत्सव म्हणजे या परिसराचा वर्षातील सर्वांत मोठा उत्सव होय. त्यातील पुरी व वांग्याच्या भाजीच्या महाप्रसादाची ख्याती विदर्भाबाहेरही पोहोचली आहे. हजारोंच्या रांगा जमिनीवर बसतात, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमधून अन्न वाढले जाते आणि शेजारी बसलेल्याची जात कोणती, हे कोणी विचारीत नाही. आश्रमाच्या शाळा-महाविद्यालयांमुळे गावाचे नाव शिक्षणाशीही जोडले गेले आहे.

अशा गावात एखादे कॅथलिक कुटुंब राहत आहे, असे क्षणभर समजू या. वडील शिक्षक असतील, आई परिचारिका असेल, किंवा दोघेही मजुरी करणारी असतील. शाळेतून आलेले आठ-दहा वर्षांचे मूल दप्तर टाकून विचारते, "सगळे पंगतीला चाललेत, आपण जायचे ना?" आई म्हणते, "जायचे." वडील म्हणतात, "नको." मूल दोघांच्या तोंडाकडे पाहत राहते.

प्रश्न पुरीभाजीचा वाटतो, परंतु ख्रिस्ती विवाह आणि ख्रिस्ती पालकत्व यांची अर्धी परीक्षा त्यात सामावलेली आहे. वसई, मुंबई किंवा गोवा येथील श्रद्धावंतांना हा प्रश्न इतक्या तीव्रतेने पडत नसावा. तेथे चर्चची घंटा घरात ऐकू येते, शेजारी आपलेच असतात, रविवारचे धर्मशिक्षण वर्गात होते. बुलडाणा जिल्हा मात्र अमरावती धर्मप्रांताच्या पश्चिम टोकाला आहे. ८ मे १९५५ रोजी नागपूरपासून वेगळा होऊन स्थापन झालेला हा धर्मप्रांत क्षेत्रफळाने प्रचंड आणि श्रद्धावंतांच्या संख्येने अगदी लहान आहे. २०११ च्या जनगणनेनुसार सबंध महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एक टक्क्याहूनही थोडी कमी होती. त्यातील बहुतेक कोकणपट्टीत, मुंबई-पुण्यात व अहिल्यानगर परिसरात आहेत. वऱ्हाडातील खेड्यात राहणाऱ्या कुटुंबाच्या वाट्याला धर्मगुरूंची भेट येते ती महिन्यातून एखाद्या वेळी, कधी त्याहूनही क्वचित.

मग त्या घरात ख्रिस्तसभा कोठे असते? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ च्या ख्रिस्तसभेविषयीच्या संविधानात कुटुंबाला घरगुती ख्रिस्तसभा म्हटले. आपण हा शब्द प्रवचनात इतक्या वेळा ऐकतो की त्याची धार बोथट झाली आहे. शहरातील धर्मग्रामात तो एक सुंदर उपमा म्हणून खपून जातो. हिवरा आश्रमासारख्या ठिकाणी ती उपमा राहत नाही, वस्तुस्थिती होते. घरात प्रार्थना झाली तर त्या गावात ख्रिस्तसभेची प्रार्थना झाली, आणि झाली नाही तर झालीच नाही.

पंगतीच्या प्रश्नाकडे परत येऊ. संत पौलाला करिंथ येथील ख्रिस्ती लोकांनी जवळजवळ हाच प्रश्न विचारला होता. मूर्तीला अर्पिलेले अन्न खावे की न खावे? त्याचे उत्तर एका शब्दाचे नाही. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या व दहाव्या अध्यायांत तो कधी या बाजूने तर कधी त्या बाजूने बोलताना दिसतो. देव एकच असल्यामुळे अन्नाला भिण्याचे कारण नाही, शेजाऱ्याने जेवायला बोलावले तर वाढलेले निःशंक खावे, असे तो सांगतो. मात्र हे अर्पिलेले आहे असे कोणी मुद्दाम सांगितले, तर त्याच्या विवेकासाठी थांबावे, आणि आपल्या मोकळेपणाने दुबळ्या भावाची श्रद्धा डळमळत असेल तर तो मोकळेपणा सोडावा, असेही तो तितक्याच निक्षून सांगतो. उपासनेत भागीदार होणे ही गोष्ट त्याने वेगळी काढली आहे. तेथे तो तडजोड करीत नाही.

प्रस्तुत लेखकाचे मत असे, की गावाच्या पंगतीत शेजारी म्हणून बसणे आणि आरतीत उपासक म्हणून उभे राहणे यांत स्पष्ट अंतर आहे. पहिल्या गोष्टीत बहुधा शेजारधर्म आहे. दुसऱ्या गोष्टीत श्रद्धेची कबुली आहे, आणि जी कबुली आपली नाही ती देणे हा त्या उपासकांचाही अवमानच होय. या मताशी कोणी असहमत होईल. काही प्रामाणिक ख्रिस्ती घरे प्रसादाचे अन्न घेत नाहीत, आणि त्यांच्यावर संकुचितपणाचा शिक्का मारणे अन्यायाचे ठरेल. परंतु मुलाच्या दृष्टीने निर्णयापेक्षा मोठी गोष्ट निराळीच असते. आईवडिलांनी हा प्रश्न आपसांत आधी बोलून ठेवला आहे की नाही, हे मूल पाहते. आई होय म्हणते, वडील नाही म्हणतात आणि मग दोघांचे भांडण जुंपते, तेव्हा मुलाला धर्म म्हणजे घरातील भांडणाचे एक निमित्त एवढेच कळते.

शाळेच्या बाबतीतही हेच घडते. भारतीय संविधानाच्या कलम २८ (३) प्रमाणे शासनमान्य किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेत कोणालाही, आणि अज्ञान मुलाच्या बाबतीत पालकाच्या संमतीविना, धार्मिक शिक्षणात अथवा उपासनेत भाग घेण्यास भाग पाडता येत नाही. हे कलम आपल्या मुलांना संरक्षण देते. आपल्या धर्मभगिनींच्या शाळांत शिकणाऱ्या हजारो हिंदू, मुस्लिम व बौद्ध मुलांनाही तेच कलम तितकेच संरक्षण देते, हे मात्र आपल्या स्मरणात क्वचित राहते. शिक्षकांशी बोलायला जाताना हक्काची भाषा शेवटी ठेवावी. खेड्यातील बहुतेक मुख्याध्यापक मुलाच्या पालकाने शांतपणे सांगितलेले समजून घेतात.

आता धर्मशिक्षणाविषयी. ख्रिस्तसभेच्या नियमसंहितेचा ७७४ वा नियम सांगतो, की मुलांना शब्दाने व आचरणाने श्रद्धेत घडविण्याची जबाबदारी सर्वांच्या आधी आईवडिलांवर आहे. परिषदेच्या १९६५ च्या ख्रिस्ती शिक्षणविषयक घोषणेतही पालकांना मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक म्हटले आहे. असे असूनही आपल्याकडे धर्मशिक्षण म्हणजे रविवारी एक तास, प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी तीन महिन्यांची घाई आणि त्यानंतर दीर्घ सुट्टी, असा प्रघात पडला आहे. जेथे रविवारचा तासच नाही, तेथे या प्रघाताची पोकळी उघडी पडते.

एक गोष्ट स्पष्टपणे लिहावीशी वाटते. आपल्या बहुतेक घरांत प्रार्थना आई घेते. माळ आई म्हणते, उपवासकाळाची आठवण आई ठेवते, मुलांना क्रूसाची खूण आई शिकविते. वडील त्या वेळी अंगणात असतात, मोबाइलवर असतात किंवा अजून घरी यायचे असतात. दहा वर्षांच्या मुलाला यातून जे कळायचे ते कळते, की देवाचे काम बायकांचे आहे आणि मोठे झाल्यावर ते सुटते. पोप फ्रान्सिस यांनी ८ डिसेंबर २०२० पासून वर्षभर संत योसेफाचे वर्ष पाळावयास सांगितले होते. त्या वर्षी योसेफाचे पुतळे बरेच बसले. संध्याकाळच्या प्रार्थनेला बसणाऱ्या वडिलांची संख्या किती वाढली, याची मोजदाद कोणी केलेली नाही.

आपली संख्या विरळ असल्याचा दुसरा परिणाम विवाहावर होतो. जेथे जिल्ह्यात मूठभर कॅथलिक कुटुंबे आहेत आणि त्यांतील निम्मी एकमेकांची नातेवाईक, तेथे मुलामुलींचे विवाह अन्यधर्मीयांशी होणार, हे गृहीत धरावे लागते. त्यात समृद्धी महामार्ग मेहकरजवळूनच जातो. शिकलेली मुले पुण्याला व छत्रपती संभाजीनगरला जातात आणि तेथे आपला जोडीदार निवडतात. या विवाहांकडे आपण दोन टोकांच्या नजरेने पाहतो. काही घरांत तो कलंक मानला जातो. काही घरांत "प्रेम आहे ना, मग झाले" असे म्हणून त्यातील अवघड भाग झाकला जातो.

ख्रिस्तसभेचा नियम या दोहोंपेक्षा अधिक विचारी आहे. स्नानसंस्कार न झालेल्या व्यक्तीशी विवाह करावयाचा असेल तर बिशपांची सूट घ्यावी लागते, अन्यथा ख्रिस्तसभेच्या दृष्टीने तो विवाह वैध होत नाही. सूट मिळण्यासाठी कॅथलिक व्यक्तीने आपली श्रद्धा सांभाळण्याचे आणि मुलांचा स्नानसंस्कार व संगोपन कॅथलिक श्रद्धेत व्हावे यासाठी आपल्या शक्तीनुसार सर्व प्रयत्न करण्याचे वचन द्यावे लागते. १९७० पूर्वी असे वचन दुसऱ्या पक्षाकडूनही घेतले जाई. पोप सहावे पॉल यांच्या त्या वर्षीच्या आदेशानंतर ती अट गेली. आता दुसऱ्या पक्षाला या वचनाची कल्पना स्पष्टपणे द्यावयाची असते, त्याच्याकडून वचन घ्यावयाचे नसते. हा फरक बारीक वाटला तरी त्यामागे दुसऱ्याच्या विवेकाविषयीचा आदर आहे. "शक्तीनुसार" या शब्दातही बराच वास्तववाद आहे.

अडचण येते ती माहितीच्या अभावामुळे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी केलेली जोडपी कायद्याने पूर्णतः विवाहित असतात. परंतु कॅथलिक व्यक्तीने विहित धर्मविधीतून सूट न घेता केवळ नोंदणी केली असेल, तर ख्रिस्तसभेत तो विवाह अपुरा राहतो. पुष्कळांना हे कळते ते पहिल्या मुलाच्या स्नानसंस्काराची चौकशी करायला गेल्यावर, आणि मग अपमान वाटून ती पुन्हा फिरकत नाहीत. वस्तुतः अशा विवाहाला पुढेही मान्यता मिळवून देण्याचे मार्ग नियमसंहितेत आहेत. मुलाच्या स्नानसंस्कारासाठी आईवडिलांपैकी किमान एकाची संमती आणि ते श्रद्धेत वाढेल अशी सबळ आशा, एवढे आवश्यक असते. पालकांच्या विवाहातील उणीव हे मुलाला परत पाठविण्याचे कारण आपोआप ठरत नाही. हे धर्मग्रामाच्या कार्यालयात नव्हे, विवाहाच्या आधी घरी सांगितले गेले पाहिजे.

अन्यधर्मीय जोडीदारासह एका छताखाली राहण्याचा विषय निघाला की मराठी ख्रिस्ती माणसाला नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई टिळक आठवल्यावाचून राहत नाहीत. टिळक दांपत्य कॅथलिक नव्हते, ते अमेरिकन मराठी मिशनचे. परंतु या प्रश्नावर त्यांच्या संसाराइतका प्रांजळ पुरावा मराठीत दुसरा नाही. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने टिळकांच्या हाती नवा करार ठेवला, तो १८९३ चा प्रसंग. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पत्नीला त्याचा जबर धक्का बसला. काही वर्षे त्या मुलासह नातेवाइकांकडे राहिल्या. पुढे दोघे एकत्र आले तेव्हाही लक्ष्मीबाईंनी आपले सोवळे सोडले नव्हते. एकाच संसारात दोन धर्म नांदू लागले. त्यांचे मन हळूहळू, आधी जातिभेदाच्या बाबतीत व मग श्रद्धेच्या बाबतीत पालटले, आणि १९०० साली, म्हणजे पतीनंतर पाच वर्षांनी, त्यांनी स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला.

'स्मृतिचित्रे'तून हे सारे वाचताना सर्वांत लक्षात राहते ती त्यांची लपवाछपवी न करण्याची वृत्ती. टिळकांचा संताप, हातात पैसा न टिकणे, लहरीपणा, कशावरही लक्ष्मीबाईंनी पांघरूण घातलेले नाही, आणि स्वतःच्या हट्टावरही नाही. तरी तो संसार टिकला, इतका की त्यात परक्यांची मुले वाढली आणि बालकवी ठोंबरे यांच्यासारखा हिंदू कवी अहमदनगरला त्यांच्या घरी घरच्यासारखा राहिला. त्याला ख्रिस्ती करून घेतल्याशिवाय जेवण मिळत नव्हते, असे काही नव्हते. हिवरा आश्रमाच्या पंगतीविषयी वाद घालणाऱ्यांनी टिळकांच्या घरची ही पंगतही आठवावी. दुसऱ्याच्या अन्नाकडे आपण संशयाने पाहतो, तेव्हा आपल्या ताटावर आपण कोणाला बसवितो हेही विचारले जाईल.

रोममध्ये अलीकडे कुटुंबाविषयी बरेच बोलले गेले आहे. २०२५ च्या जुबिली वर्षात १ जून रोजी कुटुंबांच्या जुबिलीच्या मिस्साबलीत पोप चौदावे लिओ यांनी विवाहित संतांची उदाहरणे दिली. संत तेरेजाचे आईवडील लुई व झेली मार्टिन २०१५ साली एकत्र संतपदी गेले. पोलंडच्या मार्कोवा गावातील युझेफ व विक्टोरिया उल्मा यांना त्यांच्या सात मुलांसह २०२३ साली धन्यवादित घोषित केले गेले. उल्मा हे साधे शेतकरी कुटुंब. त्यांनी आठ यहुदी लोकांना घरात लपविले आणि त्यासाठी २४ मार्च १९४४ रोजी नाझी पोलिसांनी सर्वांना ठार केले. सातवे मूल त्या वेळी आईच्या पोटात होते. अन्यधर्मीय शेजाऱ्याशी ख्रिस्ती घराचे नाते काय, याचे एक उत्तर तेथे आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धांत विभागाने एकपत्नी-एकपती विवाहाची महती सांगणारा 'उना कारो' हा दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्यात भारतीय परंपरेतील विचारांचीही दखल घेतली आहे. आपल्या धर्मग्रामांत तो मराठीत वाचला जाईल तेव्हा जाईल.

परंतु बुलडाण्यात ख्रिस्ती विवाहाची कसोटी कोठे लागते, हे पाहण्यासाठी रोमला जाण्याची गरज नाही. शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या या जिल्ह्यात २००१ साली ९०८ होती, ती २०११ साली ८५५ वर आली. त्या वर्षी राज्याची सरासरी ८९४ होती. गर्भलिंगनिदानास बंदी घालणारा कायदा १९९४ पासून अस्तित्वात असताना हे घडले. आणि हा जिल्हा कोणाचा? सिंदखेड राजा येथे जन्मलेल्या जिजाऊंचा. दर १२ जानेवारीला तेथे लाखो लोक त्या मातेला वंदन करायला जमतात. एका मुलीचा जन्म असा साजरा करणाऱ्या जिल्ह्यात मुली जन्मालाच आल्या नाहीत, हे वाचताना शरम वाटते. बालविवाहाची आकडेवारीही सुखावह नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या फेरीत राज्यातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झाल्याचे आढळले.

हे आकडे सर्व धर्मीयांचे आहेत. आपला आकडा त्यातून वेगळा काढता येत नाही, म्हणून आपण निर्दोष आहोत असे समजणे सोपे जाते. पण आपल्या घरांत काय बोलले जाते ते आपण ऐकतो. दुसरी मुलगी झाली की येणाऱ्या नातेवाइकांचा स्वर बदलतो. हुंड्याला आपण हुंडा म्हणत नाही. मुलीच्या अंगावर घालायचे सोने, मुलासाठी मोटारसायकल, पंगतीचा खर्च, अशी त्याची नावे आहेत, आणि तो व्यवहार ठरल्यावर तारीख मागायला धर्मगुरूंकडे जायचे. सोयाबीनला भाव मिळाला नाही त्या वर्षी बापाने कर्ज काढून हे सारे केले, की त्या विवाहाची सुरुवातच सावकाराच्या वहीत होते. वेदीपुढे दोघे सुखदुःखात सोबत राहण्याचे वचन देतात, तेव्हा एकाच्या घरचे सुख दुसऱ्याच्या घरच्या दुःखातून आधीच वसूल झालेले असते. १९६१ चा हुंडाबंदी कायदा आहे. परंतु धर्मगुरूंनी विवाहाच्या सूचना वाचण्यापूर्वी दोन्ही घरांना एक साधा प्रश्न विचारला, तर तो कायद्यापेक्षा अधिक उपयोगी पडेल: देणेघेणे काय ठरले आहे? हा प्रश्न विचारणे अवघड आहे, कारण उत्तर ऐकून पुढे काय करायचे हेही मग ठरवावे लागेल.

मुलांना श्रद्धा देण्याविषयी आपण इतके बोलतो. ज्या मुलीने आपल्या जन्माच्या वेळी घरात पसरलेली उदासी मोठेपणी कोणाच्या तरी तोंडून ऐकली, तिला देव तुझ्यावर प्रेम करतो हे वाक्य कितीसे खरे वाटेल? आणि बहिणीच्या लग्नात बापाला कर्जात बुडताना पाहिलेला मुलगा स्वतःच्या लग्नात काय मागेल?

एक व्यवहाराची सूचना करून थांबतो. विवाहपूर्व मार्गदर्शनाची शिबिरे बहुधा शहरांत व शहराच्या सोयीने भरतात. मेहकर, लोणार, सिंदखेड राजा या बाजूच्या तरुणांना त्यासाठी मजुरी बुडवून, भाडे खर्चून दोन-तीन दिवस जावे लागते. मग ते शिबिर एक दाखला मिळविण्याचे काम होऊन बसते. सोयाबीनची काढणी आटोपल्यावर आणि लग्नसराई सुरू होण्याच्या बऱ्याच आधी, म्हणजे नाताळाच्या आगेमागे, असे एक शिबिर याच भागात कोणाच्या तरी अंगणात भरविता येईल का? त्यात वधूवरांबरोबर त्यांचे आईवडीलही असावेत, कारण देण्याघेण्याची बोलणी तेच करतात. आणि शक्य झाल्यास, ज्यांच्या घरात दोन धर्म आहेत अशी एक-दोन अनुभवी जोडपी बोलवावीत. मुलांना प्रार्थना कोण शिकविते, गावच्या उत्सवाच्या दिवशी घरात काय ठरते, पहिले भांडण कशावरून झाले आणि ते कसे मिटले, हे त्यांनी स्वतःच्या शब्दांत सांगावे.